शेजारच्या अंगणातली रांगोळी

“पोरीच्या बोटांना रांगोळीची सवय लावा,” नागपूरच्या डॉक्टरांनी पवनीच्या सत्यभामाला सांगितलं होतं. पण आईने हात धरला की मतिमंद वनिता किंचाळायची. शेजारच्या चंद्रभागाबाईंच्या हातात हात घालून मात्र ती रोज ठिपके काढायची. कुंपणाआडून बघताना सत्यभामाचा जीव जळायचा.

एकदा ती म्हणालीच, “उद्यापासून नाही धाडत पोरीले. माय मी आहो, अन् पोरगी हात तुमच्या हाती देते.”

“मी कुठी तिचा हात धरतो, बाई?” चंद्रभागाबाई म्हणाल्या. “लकव्यानं माहा हात थरथरते. पोरगीच धरते त्याले.”

दुसऱ्या सकाळी सत्यभामा आपल्याच अंगणात रांगोळी घेऊन बसली. हात मुद्दाम थरथरवायचा, असं तिने ठरवलं होतं. वनिता जवळ येऊन बसली, तेव्हा तो आपोआपच थरथरत होता.