मागून, डावीकडून

“ह्यात आहे काय? एक वायर इकडून काढायची, तिकडे खुपसायची. तू चहा गाळेपर्यंत होतंय बघ,” जावई म्हणाला.

चहा गाळून झाला, पिऊन झाला, कप विसळून झाले. जावई अजून टीव्हीच्या मागेच होता. हॉलमधून फक्त त्याचे तळवे दिसत होते.

सासरे सोफ्याच्या मधोमध बसले होते. चार दिवस लेकीकडे राहायला आले आणि आल्या आल्या पंच झाले. जन्मभर गॅरेजमध्ये गाड्या दुरुस्त केलेला माणूस. बॉनेट न उघडता, नुसता आवाज ऐकून बिघाड सांगायचे. त्यांच्या कानावर मुलीचा विश्वास होता आणि जावयाचाही.

भांडण हॉलचं होतं. बायकोला तिथे मुलांचा चित्रकलेचा वर्ग घ्यायचा होता. जावयाला तिथे गेम खेळायचे होते, तेसुद्धा पाचही स्पीकरमधून आवाज काढून. सिनेमा लावला की पाचही वाजायचे. कॉम्प्युटरवर गेम लावला की फक्त पुढचे दोन.

“मागचे आज वाजले तर हॉल तुझा,” बायकोने सकाळीच बजावलं होतं. “नाही वाजले, तर हे सगळं माळ्यावर आणि उद्यापासून माझा वर्ग.”

“कबूल!” जावयाने छाती ठोकली होती.

त्याने कॉम्प्युटरची वायर टीव्हीतून काढून रिसीव्हरला, म्हणजे पाचही स्पीकर जोडलेल्या डब्याला, लावली. चित्र गेलं. रिसीव्हरची टीव्हीला लावली. चित्र आलं, आवाज गेला. सेटिंगमध्ये शिरून काहीतरी खटाखट दाबलं. आवाज आला, तो बेडरूममधल्या ब्लूटूथ स्पीकरमधून.

“मागचे दोन वाजले का?” बायकोने स्वयंपाकघरातून विचारलं.

“दोन केव्हाच वाजले, पोरी,” सासरे म्हणाले. “आता चार वाजतील.”

जावई घाम पुसत बाहेर आला. “दोष वायरचा नाहीच मुळी, जागेचा आहे. मागचे स्पीकर स्टुलावर ठेवून कसं चालेल? भिंतीवर हवेत, कानाच्या वर.”

“अरे, त्या भिंतीपलीकडे बाथरूम आहे,” बायको म्हणाली.

“उत्तमच! म्हणजे शेजाऱ्यांना त्रास नाही.”

त्याने ड्रिल काढलं. उजवीकडे भिंतीचा नुसता चुरा पडला. डावीकडे ड्रिल जरा अडलं, किंचाळलं आणि एकदम सुळकन आत गेलं.

“बघितलंत बाबा? लोण्यासारखी गेली भिंत. हाताला जोर पाहिजे.” त्याने स्क्रू पिळले, स्पीकर टांगले, वायरी भिंतीच्या कडेने खाली आणून, जमिनीवरच्या एक्स्टेन्शन बोर्डावरून नेऊन रिसीव्हरला जोडल्या आणि गेम लावला. गेममधला शिपाई एका अंधाऱ्या गुहेत शिरला.

“बाबा, डोळे मिटा. काय ऐकू येतं?”

सासऱ्यांनी डोळे मिटले. जावयाने श्वास रोखला.

“बूट वाजतायत. पुढून.”

“आणि?”

“वारा. तोही पुढूनच.” मग त्यांची मान जराशी कलली. “थांबा हं. पाणी ठिबकतंय.”

“कुठून?”

“मागून. डावीकडून.”

जावयाने अशी काही उडी मारली की रिमोट सोफ्याखाली गेला. “अगं, ये बाहेर! वाजला! मागचा डावा वाजला!”

बायको हात पुसत आली. तिनेही डोळे मिटले. टप. टप. टप.

“हो रे,” ती नाइलाजाने म्हणाली. “आणि उजवीकडून?”

“उजवीकडे काही नाही,” सासरे म्हणाले.

“उजवीकडे गुहेची भिंत आहे ना! भिंतीतून कसा आवाज येईल?”

“मग त्या डब्यावर अजून ‘स्टिरिओ’ का लिहिलंय? म्हणजे दोनच स्पीकर ना?” बायकोने विचारलं.

जावयाने रिसीव्हरच्या तोंडावर नॅपकिन टाकला. “ते जुनं आहे. त्याला कळायला वेळ लागतो.”

“बरं, आवाज कमी कर जरा. डोकं उठलं माझं,” बायको म्हणाली.

त्याने सोफ्याखालून रिमोट काढून आवाज कमी केला. बूट दबले, वारा पडला. ठिबकणं उलट जास्तच स्पष्ट झालं.

“हेच!” जावई कुजबुजला. “हीच तर खरी सराउंडची गंमत. पुढचं कमी होतं, मागचं उठून दिसतं.”

“मानलं जावईबापू,” सासरे म्हणाले. त्यांनी पाय वर घेऊन मांडी घातली. “नुसता आवाज नाही, गारवासुद्धा जाणवतो.”

बायकोने कोपऱ्यातले ड्रॉइंग बोर्ड उचलले, रंगांचा डबा काखेत मारला. “घे. हॉल तुझा. शब्द म्हणजे शब्द.” दारात ती थांबली. “बाथरूमच्या नळाला मघापासून करंगळीएवढी धार येतेय. तेवढं बघशील?”

“वरची टाकी धुवत असतील. त्यात मी काय बघणार?” जावई सोफ्यावर सासऱ्यांशेजारी ऐसपैस बसला. हात डोक्यामागे घेतले, डोळे मिटले. “आता आवाज पूर्ण वाढवतो बाबा. बघाच तुम्ही.”

त्याने आवाज वाढवला.

जमिनीवरच्या एक्स्टेन्शन बोर्डात खट् झालं. टीव्ही काळा पडला, कॉम्प्युटरचे पंखे थांबले, नॅपकिनखालचं ‘स्टिरिओ’ विझलं.

मागून, डावीकडून, पाणी ठिबकतच होतं.