आधी फूल, मग फळ

हे लिहायचं नाही असंच ठरलं होतं. पण फ्रेमवाल्याने एकदा मास्तरांची गोष्ट सांगितली आणि ती काही डोक्यातून जाईना. म्हणून लिहिली, त्याने सांगितली तशी.

"कॅनव्हास कोरा आहे, मास्तर," फ्रेमवाला टेप गुंडाळत म्हणाला. "चित्राचा पत्ता नाही आणि चौकट आधी? बाजारात तुरी झाल्या या."

"माप घेतलंस ना? मग लाग कामाला. घाई आहे."

घाई कसली ते फ्रेमवाल्याला न सांगता कळलं. खिडकीशी वहिनी बसल्या होत्या, गुडघ्यांवर शाल घेऊन. वर्षभर त्यांचं हृदय कुरकुरत होतं. त्या काळजीने मास्तरच निम्मे झाले होते. पट्ट्याला नवं भोक पाडलं, तरी पँट सारखी वर ओढायचे.

मास्तर शाळेत चित्रकला शिकवायचे आणि घरी फक्त स्थिरचित्रं काढायचे. टेबल, त्यावर वस्तू, बास. प्रत्येक चित्राला चौकट फ्रेमवाल्याचीच. सुरुवातीला ते टेबल नुसतं ओसंडून वाहायचं. मासे, द्राक्षं, चांदीचे पेले आणि मध्येच एक कवटी.

"जुने लोक असंच काढायचे," मास्तर सांगायचे. "शेटजी म्हणायचा, बघा माझ्याकडे किती आहे. चित्रकार कोपऱ्यात कवटी ठेवून म्हणायचा, जाताना नेणार काय ते बोल."

मग चांदी गेली, कवटी गेली. एक मातीचं भांडं आणि तीन कांदे उरले. मग सफरचंदं अशी कलली की चित्र भिंतीवर सरळ लावताना फ्रेमवाल्याची मान दुखायची. मग बाटल्यांचे तुकडे तुकडे झाले. एकदा तर मास्तरांनी पेपर रंगवण्याऐवजी खरा पेपरच चिकटवला.

"पुढच्या वेळी नुसतं टेबल काढाल," फ्रेमवाला म्हणाला होता.

"लोक त्याच्याही पुढे गेलेत. टेबलच उचलून प्रदर्शनात ठेवतात."

"मग मी काय, टेबलाला चौकट ठोकू? आणि एक सांगा, तुमच्या चित्रात कधी माणूस कसा नाही?"

"असतो की. नुकताच उठून गेलेला असतो."

वहिनींचं गाऱ्हाणं वेगळं होतं. "कांद्यांना बसवलंत, बाटल्यांना बसवलंत. मला कधी बसवणार?"

"तू कुठे पळून चाललीस?"

मास्तरांचा नियमच होता तो, शाळेतल्या प्रत्येक पोराला तोंडपाठ. आधी फूल, मग फळ, मग पाव, शेवटी पितळ. जे आधी जाणार ते आधी रंगवायचं. फूल संध्याकाळपर्यंत मान टाकतं. किटली काय, आपल्यालाही पुरून उरते.

आणि आता एकदाचा वहिनींचा नंबर लागला होता. टेबलावर गुलाब, कापलेलं सफरचंद, पाव, पितळी किटली. टेबलाच्या दोन बाजूंना दोन खुर्च्या. एकीत वहिनी. दुसरीच्या पाठीवर मास्तरांचा रंगाने माखलेला तपकिरी कोट, तो कायम तिथेच असायचा. त्याच्यापुढे टेबलावर त्यांचा जुना चष्मा.

"तो कोट तरी काढा," वहिनी म्हणाल्या. "शेजारी बुजगावणं बसवल्यासारखं वाटतं."

"तुला पळवून लावतंय का ते?"

"मी नाही पळत. चिवट आहे मी."

फ्रेमवाला रोज दुकान बंद करून यायचा. चित्रावर कापड टाकलेलं असायचं. मास्तर त्याला दुसऱ्याच कामाला जुंपायचे.

"पांढरी गोळी सकाळी, गुलाबी रात्री जेवल्यावर. उलट झालं की तिला चक्कर येते. म्हण बघू."

"माझी शाळा घेताय का?"

"घेतोय. म्हण."

फ्रेमवाला म्हणायचा. चुकला की मास्तर परत म्हणून घ्यायचे. वहिनी हसायच्या. "या वयात नापास होऊ नका हो, भाऊजी."

मध्ये एकदा मास्तर त्याला हॉस्पिटलच्या बाकावर दिसले, कोपराशी कापूस दाबून बसलेले. "हिच्या डॉक्टरला भेटायला आलो होतो. म्हटलं, आलोच आहे तर माझी साखरही बघा."

"वहिनींचा चेहरा झाला का काढून?" फ्रेमवाल्याने विचारलं.

"होईल."

"मास्तर, गुलाबाने मान टाकलीय."

"बघितलं मी."

फ्रेमवाला मनातल्या मनात चडफडला. हा माणूस जन्मभर पोरांना नियम शिकवत आला आणि नेमका आत्ता वेळ काढतोय. वहिनींचे ओठ दिवसेंदिवस फिके पडत होते.

चौकट तयार झाली तशी तो भरदुपारीच ती खांद्यावर घेऊन आला. मास्तर आतल्या खोलीत होते. "ये. मी जरा पाठ टेकलीय," तिथूनच म्हणाले. वहिनी खुर्चीतच झोपल्या होत्या. शाल हळूहळू वरखाली होत होती, तेवढ्यावरच कळायचं. टेबलावर पाकळ्या गळून पडल्या होत्या. सफरचंद काळं पडलं होतं, पावाला बुरशी धरली होती.

फ्रेमवाल्याला राहवेना. निदान चेहरा तरी झालेला असू दे, असं म्हणत त्याने कापड उचललं.

वहिनी नव्हत्या. म्हणजे होत्या, पण कोळशाच्या चार रेघांत. गुलाबाच्या नुसत्या रेघा. सफरचंद, पाव, किटली, सगळ्यांच्या रेघा, आत पांढरं.

रंग एकाच बाजूला होता. तपकिरी कोट, त्याचं एकेक बटण, हात काढून घेतल्यावरही वाकलेलं राहिलेलं कोपर. आणि पुढे चष्मा. फ्रेमवाल्याने बोट लावून बघितलं. रंग केव्हाच वाळला होता.

"बघितलंस?" आतून आवाज आला.

"हो."

"हिला इतक्यात नको सांगूस." मास्तर दम खायला थांबले. "आता म्हण बघू. पांढरी कधी?"

फ्रेमवाल्याने कापड नीट खाली ओढलं.

"सकाळी," तो म्हणाला. "गुलाबी रात्री, जेवल्यावर. चुकणार नाही मी, मास्तर. शब्द देतो."