आरशातला रस्ता

धुळ्यात जुन्या ट्रकांचा मेळावा भरवायचा, हे ठरवायला रतिलालनाना पारोळ्याला खाजाभाईंच्या अंगणात आले होते. दोघांची उमर धुळे-पारोळा हायवेवर ट्रक चालवण्यात गेली होती. खाजाभाईंनी आपला जुना ट्रक रंगवून उभा केला होता.

"बसा नाना, केबिन बठ्ठी जुनीच शे," खाजाभाई म्हणाले.

नाना स्टिअरिंगमागे बसले आणि त्यांनी सवयीने बाजूच्या आरशात पाहिलं. ट्रकच्या मागे अंगणाची भिंत होती. आरशात मात्र जुना, अरुंद रस्ता होता, कधीच तोडलेले कडुलिंब होते, आणि लांबून एक माणूस हात हलवत पळत येत होता.

नानांनी त्याला ओळखलं. वीस वर्षांपूर्वी अपघातात सापडलेल्या या माणसाने असाच हात केला होता, आणि नाना थांबले नव्हते. हे त्यांनी कुणालाच सांगितलं नव्हतं.

"खाजाभाई, चावी द्या, गाडी चालू करतो. लवकर!"

"चालू कशी व्हई? इंजिन आजून बसाडेल नई."

माणूस जवळ आला. त्याच्या कपाळावरचं रक्त दिसलं. मग आरसा रिकामा झाला.

ट्रक एका बाजूला किंचित झुकला. समोर उभे असलेले खाजाभाई नानांच्या शेजारच्या सीटकडे पाहू लागले.

"नाना, तुमना संगे हाऊ कोन शे?"