नेहमीचं माप

२०२२ साली, सुहासच्या मुलाच्या बारशाला घर भरलेलं असताना अंबुबाईंचा श्वास अडकला. त्यांची मुलगी, सुहासची बहीण पवित्रा तेव्हा पाळण्यावर वाकून बाळाच्या कानात नाव सांगत होती, अभिराज. पाळण्याशी तिला बरं वाटे. तिथे सगळ्याच बायका वाकतात.

एरवी ती एकटीच वाकायची. सहा फूट उंची. पंखा पुसायला पवित्राला बोलवा, असं शेजारीपाजारी हसून म्हणत. देवळात, बसथांब्यावर, फोटोत ती गुडघे मोडून उभी राही. हे वळण आईनेच लावलेलं. स्वल्प वाकून चाल, लोक बघतात, असं त्या लहानपणापासून सांगत आल्या होत्या. अंबुबाई स्वतःही वाकूनच चालत आणि पाय पोटाशी घेऊन झोपत. वयाने होतं तसं, असं घरचे समजत.

यशवंतपूरच्या त्या जुन्या इमारतीची लिफ्ट बंद होती. घर चौथ्या मजल्यावर. आडवं केलं की अंबुबाईंचा जीव कासावीस होई. म्हणून ॲम्ब्युलन्सच्या माणसाने त्यांना खुर्चीला बांधलं. वरून त्याने धरलं, खालच्या पायरीवरून सुहासने. सुहास बुटका. खुर्ची पुढे कलली, अंबुबाईंचे डोळे फिरले. खाली कुणीतरी उंच पाहिजे, तो माणूस कन्नडमध्ये म्हणाला.

सगळं बारसं पवित्राकडे वळलं. तिचे कान तापले. ती खाली उतरली, आईकडे तोंड करून खुर्ची छातीपर्यंत उचलली. पण सवयीने खांदे वाकले. खुर्ची पुन्हा कलली.

"वाकू नकोस गं," अंबुबाई म्हणाल्या. "मी पडेन."

पवित्रा ताठ झाली. खुर्ची सरळ झाली.

एकेक पायरी मागे चाचपत ती उतरू लागली. मजल्यामजल्यावर दारं उघडली. पालखी जावी तशी माणसं भिंतीशी सरून उभी राहिली. तिला त्यातलं काही दिसलं नाही. समोर फक्त आईचा चेहरा होता. लेकीला पहिल्यांदाच पूर्ण बघत असल्यासारखी आई तिच्याकडे बघत होती. तळाशी पोचेपर्यंत आईने पापणी हलवली नाही.

अंबुबाई त्याच आठवड्यात, गुरुवारी पहाटे गेल्या. इस्पितळातून त्यांना सरळ निजवून आणलं. नेहमीच्या मापाची तिरडी त्यांना आखूड पडली.