बंद खिडकीतला रियाज

“तुला मी आवडते का?” मैत्रिणींनी ‘विचारून दाखव’ म्हटलं आणि मी मुकुलला विचारून टाकलं. तो आमच्या घरासमोरच्या गायनक्लासचा. दरवर्षी स्पर्धेची ढाल त्याची, नाहीतर माझी.

“आवडतेस. तरी उद्या हरवणार तुला.” मग तो हळूच म्हणाला, “माझ्या मागे तानपुऱ्यावर बसायला कुणी नाहीये. येशील?”

घरी बाबा मला रियाजाला घेऊन बसले. गल्लीपलीकडून मुकुलचा आवाज आला, तशी त्यांनी नेहमीप्रमाणे खिडकी लावली. “त्याचं ऐकलंस की तुझं बिघडतं.” आईने पडदाही ओढला. त्या कोंदट खोलीत माझा श्वास तानेच्या मध्येच संपायला लागला.

मी उठले, खिडकी सताड उघडली.

“आई, बाबा, उद्या माझं गाणं झालं की मी मुकुलच्या मागे तानपुऱ्यावर बसणार आहे.”