मेंदूतला अबोला

"तुमच्या मेंदूत भावनांचा भाग आणि विचारांचा भाग एकमेकांशी नीट बोलत नाहीयेत. नैराश्यात होतं असं," डॉक्टर कागदावर डोक्याचं चित्र काढून मला समजावत होते.

माझ्या डावीकडे सासूबाई, उजवीकडे नवरा. नणंदेच्या लग्नात मानाच्या साडीवरून भांडलेल्या या मायलेकांचा अबोला नऊ वर्षांचा आहे.

सासूबाई मला म्हणाल्या, "त्याला सांग, एकाच डोक्यात कसला आलाय अबोला? सगळी थेरं आहेत."

नवरा मला म्हणाला, "आईला सांग, एवढं मात्र मला पटलं."

वा! माझ्या आजाराचा तेवढा तरी उपयोग झाला. आमटीत मीठ कमी आहे इथपासून वाढदिवसाच्या शुभेच्छांपर्यंत या घरातला प्रत्येक निरोप मीच पोचवलाय, तोही त्यातल्या शिव्या गाळून.

"घरी मन मोकळं करून कोणाशी बोलता?" डॉक्टरांनी मला विचारलं.

दोघंही एकदम माझ्याकडे वळले. "सांग ना त्यांना, दिवसभर आमच्याशीच तर बोलत असतेस!"

डॉक्टर उत्तराची वाट बघत होते. नऊ वर्षांत पहिल्यांदाच मी निरोप पोचवला नाही.