कोरडा स्पंज

“वैनी, वाया शाई मोजणारा काउंटर नुसताच शून्यावर आणू नका. आतला स्पंज भरलाय, तो आधी बदला. वाया गेलेली शाई कुठंतरी जाणारच की,” प्रिंटर दुरुस्त करणारे भरमाण्णा फोनवर म्हणाले होते.

“व्हय व्हय,” म्हणत मी फोन ठेवला, व्हिडिओ बघून काउंटर रीसेट केला आणि शिकवणीचे पेपर छापायला घेतले.

दुपारी सात महिन्यांच्या ईश्वरीच्या गालावर तीट दिसली. सासूबाईंनी लावली असेल, असं वाटलं. मग आठवलं, त्या तर सोमवारपासूनच येळ्ळूरला गेल्यात.

ओल्या कापसानं पुसली. काजळ कापसावर काळंच उतरतं. हे प्रिंटरच्या शाईसारखं निळं, गुलाबी, पिवळं उतरलं, आणि तीट होती तेवढीच राहिली.

घाबरून प्रिंटर खोलला. स्पंज कोरडा होता, नव्यासारखा पांढरा.

मी वायर काढून टाकली. तरी पाळण्यातून प्रिंटरचाच आवाज येतोय. घर्र. थांबून पुन्हा घर्र. प्रत्येक वेळी ईश्वरी झोपेतच एक घोट गिळते.

तिचं तोंड उघडून बघायचं मला धाडस होत नाही. तुम्हीही काउंटर असाच रीसेट केला असेल, तर वाचणं इथंच थांबवा. आधी बाळाची जीभ बघून या.